तिसऱ्या रांगेतलं हसू

इंदुताईंनी सकाळी पातेल्याला सांगितलं की चहा उकळून उकळून काढा झालाय, ज्यांना दिसत नसेल त्यांनी डोळे दाखवून घ्यावेत. पातेलं काही बोललं नाही. पातेल्याशेजारी उभी असलेली सखूही काही बोलली नाही.

हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या त्या घरात आठ महिने हेच चाललं होतं. इंदुताईंनी भावजयीशी बोलणं टाकलं होतं. पण बोलल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे, म्हणून त्या पाठ फिरवून पातेल्याशी बोलत, केरसुणीशी बोलत, दाराच्या पडद्याशी बोलत. एकदा त्यांनी कुकरला असं काही सुनावलं की त्याची शिट्टी तीन दिवस वाजली नाही. खोटं वाटत असेल त्यानं गल्लीत विचारून यावं. एवढं ऐकूनही सखूचा चेहरा आपला निवांत. मग इंदुताई आणखी पेटत. केवढा हा माज!

माज कसला आलाय! पाठ फिरवून बोललेलं सखूला ऐकूच येत नव्हतं.

दोन वर्षं झाली होती. उजवा कान पार गेला होता, आणि डाव्यात आवाज यायचा तो चार घोंगड्यांखालून आल्यासारखा. समोर तोंड असलं की ती ओठांवरून शब्द काढायची. मुलाचे, रवीचे, ओठ सरळ, सून स्वप्नाचे तर आरशासारखे. अडचण एकाच माणसाची होती, आणि तो माणूस नेमका नवरा. तातेरावांच्या वरच्या ओठावर मिशीचं असं छप्पर होतं की त्याखाली शब्द हलतोय की जांभई, हे देवालाही सांगता आलं नसतं. सखू मान हलवून वेळ मारून न्यायची. एक बरं होतं, वयामुळे की काय, तातेरावांचे हात हल्ली फार चालत. पाणी हवं तर पेल्याची खूण, बाहेर निघाले तर चपलेची खूण. म्हातारपणी माणूस चळवळ्या होतो, असं तिनं ठरवून टाकलं होतं.

कान दाखवायला कोठी भागातल्या डॉक्टरकडे तिला स्वप्नानं नेलं होतं. डॉक्टरनं काडेपेटीएवढं यंत्र आणि त्याची वायर दाखवली, तशी सखू खुर्चीतून उठलीच. ते कानाला लावून ती घरात फिरली असती तर तातेरावांना कळलं असतं. आणि तातेरावांना कळू द्यायचं नव्हतं. सगळं घोडं तिथंच अडलं होतं.

कारण सखूचं काम हसण्याचं होतं.

तातेराव हनवते काचीगुडा स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाले होते, पण हैदराबादच्या मराठी वस्त्यांत त्यांना पार्सलसाठी कुणी ओळखत नव्हतं. चौदा एप्रिलला जलसा असला की तातेरावांची नक्कल हवीच. नांदेडकडून पोटासाठी आलेली ही सगळी मंडळी. सत्तावन्न साली त्यांनी वस्तीत पहिला जलसा केला, तेव्हा नामदेवरावांनी ढोलकीवर थाप मारली, तातेराव नक्कल करायला उभे राहिले, आणि कुणी हसेचना. लोक भाषण ऐकायला बसल्यासारखे ताठ बसलेले. बाबासाहेबांच्या फोटोसमोर हसावं की नाही, हे कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं. तेवढ्यात तिसऱ्या रांगेच्या कडेला बसलेली, लग्न होऊन जेमतेम सव्वा महिना झालेली सखू हसली. तिचं हसू साधं नव्हतं. ते आधी नाकात घुटमळे, मग घशात येई, आणि एकदा सुटलं की वस्तीतले कोंबडे उठत. एकदा ती स्टेशनामागच्या मैदानात हसली तेव्हा गार्डची शिट्टी समजून एक मालगाडी दोन मिनिटं आधी सुटली होती, असं नामदेवराव शपथेवर सांगत. तर ती हसली, आणि मग सगळे हसले.

तेव्हापासून रिवाज पडला. सखूनं तिसऱ्या रांगेत कडेला बसायचं. तातेराव पहिली गंमत टाकून थांबायचे, सखूनं हसायचं, मग मंडप हसायचा. नवी नक्कल घरी कधी म्हणून दाखवायची नाही, हाही रिवाजच. शिळं हसू मंडपात चालत नाही, असं ते म्हणत. आणखी एक वाक्य ते एकदा बोलून गेले होते, ते सखूच्या काळजात जाऊन बसलं होतं.

"सखू, तू हसायची थांबलीस ना, त्या दिवशी माझंबी दुकान बंद."

ऐकू येईनासं झालं तरी तिनं निभावलं. जुन्या नकला तिला पाठ होत्या. कुठल्या वाक्याला तातेराव खांदा उडवतात आणि कुठं टोपी मागे सारतात, त्यावर ती बरोबर हसायची. यंदाच्या एप्रिलपर्यंत कुणाच्या बापाला कळलं नाही.

एप्रिलमध्ये काय झालं, ते पातेल्यालाही माहीत होतं. 'चारमिनार बघायला आलेला पाव्हणा' ही नक्कल रंगात आली होती. पाव्हणा मान वर करून मिनार मोजतो, टोपी मागे पडते, तिथं सखूनं हसायचं. पण त्या दिवशी टोपी मागे सारून तातेराव थांबले आणि म्हणाले, "इथं ढोलकीची थाप असायची. नामदेवराव जाऊन आज वर्ष झालं."

आणि सखू हसली. नाकातून, घशातून, कोंबडे उठतील असं.

शेजारी नामदेवरावांची विधवा बसली होती. ती म्हणजे इंदुताई, तातेरावांची सख्खी बहीण.

*

अशा घरात त्या डिसेंबरातल्या सकाळची भांडणं अजून व्हायची होती, आणि सगळ्यांना दुपारी चारच्या आत नटूनथटून सभागृहात पोचायचं होतं. मुंबईच्या एका वाहिनीनं देशभरातल्या विनोदाला बक्षिसं द्यायचं काढलं होतं. रंगमंचावरचा विनोद, टीव्हीवरचा विनोद, सिनेमातला विनोद. पैसा टूथपेस्टच्या कंपनीचा. लोकांनी दात दाखवावेत यात तिचा फायदाच होता. गल्लीतल्या गच्च्यांवर डिशच्या छत्र्या उगवून पाच वर्षं झाली होती, आणि आता छत्रीतून हैदराबादच साऱ्या देशाला दिसणार होतं. रंगमंचाच्या बक्षिसासाठी तिघांची निवड झाली होती. एक भोपाळचा, एक लुधियान्याचा, आणि तिसरे हनवते तातेराव, बरकतपुरा.

हा उद्योग रवीचा. बापानं चिकटवलेली रेल्वेची नोकरी सोडून तो केबल चॅनलमध्ये गेला, तेव्हा तातेराव महिनाभर बोलले नव्हते. त्याच रवीनं जलशाची कॅसेट मुंबईला धाडली होती. नामदेवरावांचं नाव येतं तिथं त्यानं गुपचूप कात्री लावली होती.

नारायणगुड्याहून तो आणि स्वप्ना दहालाच आले. आल्या आल्या तो बापासमोर मांडी घालून बसला.

"दादा, पाव्हणाच करायचा. बोलून ठेवतो."

"नक्को." तातेराव आरशात मिशी विंचरत होते. "नवं करणार हाव मी."

"नवं? आज? दादा, चार मिनिटं हायेत. सहा कॅमेरे. एक वाकडं पडलं तर अख्खा देश बघंल. पाव्हणा एकदम गॅरंटी हाय."

"गॅरंटी तुझ्या टीव्हीला असती. नकलेला नसती."

"अरे भाई, समझो ना…"

"बापाला भाई म्हणतोस? पहा इंदू, रेल्वेत असता तर साहेब म्हणला असता."

सखू दारात तांदूळ निवडत बसली होती. नवऱ्याचं तिला दिसत नव्हतं, पण रवीच्या ओठांवर 'नवं' हा शब्द तिनं वाचला आणि सुपातला हात थांबला. नवी नक्कल! खांदा कुठं उडणार, टोपी कुठं सरणार, काही ठाऊक नाही. पहिली गंमत टाकून तातेराव थांबतील, तिच्याकडे बघतील, आणि ती मठ्ठासारखी बसलेली असेल. किंवा त्याहून वाईट, एप्रिलसारखी हसेल. पुढचं तिला चित्रासारखं दिसलं. हा माणूस घरी येऊन कोट खुंटीला लावेल आणि पुन्हा काढणार नाही.

"जुनंच करा," ती म्हणाली.

चाळीस वर्षांत सखूनं काय करा न् काय करू नका हे कधी सांगितलं नव्हतं. तातेरावांनी फणी खाली ठेवली.

इंदुताई लगेच खिडकीकडे वळल्या आणि गजांना म्हणाल्या, "दादानं नवंच करावं. जुन्यात कुणीतरी कुठंबी हसतंय."

"आत्या, प्लीज," स्वप्ना म्हणाली.

"मी खिडकीशी बोलतेय."

"एकदा म्हणून तरी दाखवा," सखू नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज तिच्या अंदाजापेक्षा मोठा गेला असावा, कारण रवी दचकला.

तातेराव तिच्यासमोर येऊन बसले. मग मिशी हलली, आणि त्यांनी दोन्ही हातांनी स्वच्छ खूण केली: नाही, तिथंच, तू बस, बघ. उठताना तिच्या सुपातला एक खडा काढून त्यांनी बाजूला टाकला.

"संपलं," रवी डोकं धरून म्हणाला. "पण तुम्ही दोघीतरी… आई, तू माझ्या बाजूनं, आन् आत्या दादाच्या. ह्ये कधीपास्नं?"

स्वप्नानं सासूला हाताला धरून आत नेलं, दार लावलं, आणि तोंडासमोर तोंड आणून हळूहळू ओठ हलवले.

"आई, आता सांगून टाका. मी सांगू का?"

"सांगितलंस तर माझ्या मेल्याचं तोंड बघशील."

"असं नका म्हणू. यंत्र लावा ना मग. पदर घेतला की दिसणार नाही."

"चाळीस वर्षं बघतोय माझ्या पदराकडं. सूत हललं तरी कळंल त्याला."

स्वप्ना बँकेत होती. समोरचा माणूस हटून बसला की काय करायचं, हे तिला रोजच्या सवयीनं ठाऊक होतं. "बरं. मी शेजारी बसते. हसायची जागा आली की तुमचा हात दाबते. मी दाबला की तुम्ही हसायचं. चालेल?"

सखूनं विचार केला. उशीर होईल, पण अर्ध्या पळाचा.

"तुला नक्कल कळंल ना पण? तुला मराठी टीव्हीवरची कळती."

"कळेल हो, आई," स्वप्ना म्हणाली आणि तिच्या गळ्यात पडली. 'कळेल'पेक्षा ते गळ्यात पडणं सखूला जास्त स्पष्ट ऐकू आलं.

*

सभागृहात इतके दिवे लावले होते की पहिल्या रांगेतल्या एका मंत्र्याच्या टकलाच्या उजेडात दुसऱ्या मजल्यावर पेपर वाचता आला असता. मुंबईहून आलेला व्यवस्थापक किशोर डोक्यावर हेडफोन लावून इकडून तिकडे पळत होता. तातेरावांनी संयोजकांना एकच अट लिहून पाठवली होती: बायकोला तिसऱ्या रांगेत, कडेला. ती पाळली गेली होती. सखू बसली. शेजारी स्वप्ना. तिच्यापलीकडे इंदुताई. मध्ये सून असल्यामुळे दोघींची लाज राखली गेली होती.

इतक्यात किशोर आला आणि स्वप्नासमोर वाकला.

"मॅडम, आप बहू हैं ना? आपको आगे आना पडेगा. फॅमिलीचा एक मेंबर पहिल्या रांगेत लागतो, कॅमेऱ्याला. जरा इंग्लिश बोलणारा."

"मी इथंच बसते."

"मॅडम, लाइट लावलाय तिथं. दोन मिनिटं झाली, सगळे थांबलेत."

पडद्याच्या फटीतून रवी दोन्ही हातांनी 'जा, जा' करत होता. स्वप्नानं सासूकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. पण किशोरनं तिला जवळजवळ उचलूनच नेलं, आणि तिची खुर्ची तशीच मोकळी दिसू नये म्हणून इंदुताईंना म्हणाला, "माताजी, आप इधर सरको."

इंदुताई सरकल्या. आता नणंद-भावजय खांद्याला खांदा लावून बसल्या, समोर बघत.

घंटा झाली असावी, कारण दिवे मंद झाले आणि लोक सावरून बसले. टीव्हीवरच्या कुणा बाईनं बक्षीस घेतलं, रडली. लुधियान्याचा माणूस आला, बोलला, सगळे हसले. सखूला फक्त तोंडं उघडलेली दिसली. भोपाळचा आला. पुन्हा तोंडं. यानंतर तातेराव.

दोन वर्षं जे गिळून ठेवलं होतं ते सखूच्या घशाशी आलं. तिनं मान वळवली.

"इंदुताई."

इंदुताईंनी पुढच्या खुर्चीच्या पाठीला सांगितलं, "मी कुणाशी बोलत नाही."

"इंदुताई, माझ्याकडं तोंड करून बोला. मला ऐकू येत नाही."

"नसंलच येत. ऐकायचं नसलं की–"

"येतच नाही. दोन साल झाले. उजवा मेलाय, डाव्यात नुस्ती घुमघुम. तुमच्या तोंडाकडनं जेवढं दिसतं तेवढंच कळतं मला."

इंदुताई वळल्या. पहिल्यांदाच त्यांनी भावजयीच्या तोंडाकडे नीट बघितलं, आणि ती आपल्या ओठांकडे बघतेय हेही बघितलं.

"मग एप्रिलात…"

"टोपी मागं गेली. मला वाटलं पाव्हणा मिनार मोजतोय. मी हसले. भाऊजींचं नाव घेतलं ते मला घरी येऊन कळलं, तुम्ही टाहो फोडला तव्हा. माझं लग्न झालं तव्हा भाऊजींनी मला पहिली साडी घेतली हो. मी हसंन का?"

इंदुताईंच्या तोंडातून शब्द निघेना. जगात अशी वेळ तोवर एकदाच आली होती, आणि तेव्हा त्यांच्या तोंडात गरम बटाटा होता. मग त्या एकदम म्हणाल्या, "आठ महिने मी त्या पातेल्याला इतकं बोलले!"

"बोलत होता होय?"

"नव्हतं ऐकू आलं? एकबी नाही?"

"एकबी नाही."

"वाया गेलं की गं सगळं," इंदुताई म्हणाल्या, आणि डोळे पुसायला त्यांनी सखूचाच पदर घेतला. मग नाक ओढून कामाला लागल्या. "आता? दादा तर नवं करतोय. तू कशी हसणार?"

"स्वप्ना हात दाबणार होती."

"आण इकडं हात. ती बँकेतली पोर, तिला काय कळतंय नक्कल. मी दाबते. बोट मोडलं तर बोलू नको."

*

तातेराव आले. काळा कोट, मळकी टोपी. मागून एका माणसानं खुर्ची आणून ठेवली. तातेरावांनी कपाळावर हात धरून अंधारात बघितलं, तिसरी रांग, कडेची खुर्ची. सापडल्यावर हात खाली घेतला आणि खुर्चीवर बसले, लोकांकडे तोंड करून.

बसले ते तातेराव म्हणून बसलेच नाहीत. त्यांनी नसलेला पदर डोक्यावर घेतला, कानामागं खोचला. गुडघे जुळवले. चष्मा नाकावर वर सारला. मान जराशी डावीकडे झुकवली, डावा कान पुढे.

इंदुताईंचा हात सखूच्या हातावर तयार होता. दाबला गेला नाही. अर्धं मिनिट गेलं. मागच्या रांगांत चुळबूळ झाली, कुणीतरी उभं राहून तोंडाला हात लावून ओरडलं. किशोर कोपऱ्यातून एक माइक घेऊन धावत आला, दुसरा घेऊन परत गेला.

"काय म्हणतोय गं?" इंदुताईंनी सखूलाच विचारलं. "मला काई ऐकू येईना. लोकं माइक माइक ओरडायलेत."

सखू मिशीकडे बघत होती. मिशी हलत नव्हती.

"बोलतच नाहीत ते," ती म्हणाली.

तीन भाषांत ज्याची जीभ चाळीस वर्षं थांबली नव्हती, तो माणूस देशासमोर तोंड मिटून बसला होता. पडद्याच्या फटीत रवी केस ओढत होता. तातेरावांना त्याचं काही नव्हतं. खुर्चीवरची बाई टीव्ही बघत होती. आजूबाजूचे हसले की ती हळूच तिरकं बघायची, खात्री करून घ्यायची, आणि मग उशिरानं हसायची. एकदा हसली आणि बघते तर सगळे गप्प. तसं तिनं ते हसू खोकल्यात ढकललं, पाणी प्यायली, वर छाती चोळली.

ती खोकल्याची युक्ती सखूची होती. ते तिरकं बघणं तिचं होतं. म्हणजे माहीत होतं याला! तिला वाटलं, आता उठून जावं, दिवे लागायच्या आत. पण उठणार कशी? तिकडे गवळी आला होता. गवळी काहीतरी विचारतोय, बाई मान हलवतेय. तो दूध घालतोय, पुन्हा विचारतोय, ती पुन्हा मान हलवतेय. पातेलं भरलं, परात भरली, आता लुगड्याचा ओचा पुढे धरलाय, आणि चेहऱ्यावर असा समजूतदारपणा की सगळं तिच्या मनासारखंच चाललंय.

सभागृह अजून शब्दांची वाट बघत होतं. सगळे कान टवकारून बसलेले, आणि कानांना काही मिळत नव्हतं. नुसत्या डोळ्यांनी माणूस कसा बघायचा, याची सवय त्या हजारभर लोकांत एकीलाच होती. दोन वर्षं तिनं दुसरं केलं काय होतं?

तातेराव थांबले. पहिली गंमत टाकून थांबायचे तसे, तिसऱ्या रांगेकडे बघत.

सखूला हसू आलं नाही. डोळ्यांपुढे सगळं पाण्यात तरंगत होतं.

त्यांनी वाट बघितली. मग जागेवरच त्यांनी भाजीवाला उभा केला. हा दिवाळीत सखूशी खरंच गाठ पडलेला भाजीवाला होता. भाजीवाल्यानं बोट दाखवलं, बाईनं मान हलवली. त्यानं दोन हात पसरले, बाईनं मान हलवली. त्यानं आणखी पसरले. बाईनं उदार मनानं मान हलवली. आणि त्यानं तिच्या डोक्यावर भोपळा ठेवला. तातेरावांची मान खांद्यांत गेली. गुडघे वाकले. भोपळा घेऊन बाई घरी निघाली, दारात अडली. आडवी झाली, अडली. उलटी फिरली, अडली. मग तिनं भोपळ्यालाच आधी आत जायची विनंती केली, आणि तो आत गेल्यावर पदर सावरून, काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं, मागून स्वतः गेली.

सखूच्या नाकात काहीतरी घुटमळलं.

तिनं पदर तोंडाशी नेला. उपयोग झाला नाही. नाकातलं घशात आलं, आणि घशातून सुटलं. इंदुताईंनी हात दाबला नव्हता. कुणीच काही दाबलं नव्हतं. जागा हेरून, खांदा बघून हसण्याची गरजच पडली नाही. हसणं आपलं आपण बाहेर पडलं, चाळीस वर्षांत पहिल्यांदा कामावर नसल्यासारखं. पहिल्या रांगेतले टक्कलवाले मंत्री मागे वळले. बाल्कनी वाकली. आणि मग हजार माणसांना एकाच वेळी दिसलं की समोर काय चाललंय. सभागृह असं हसलं म्हणतात, की शेजारच्या बागेतली कबुतरं उडाली ती थेट मक्का मशिदीवर जाऊन बसली.

सखूला तो आवाज ऐकू आला नाही. पण खुर्चीच्या लाकडातून तो पाठीत शिरला, आणि तिला कळलं.

*

बक्षीस भोपाळवाल्याला मिळालं. इंदुताई तिथंच उभ्या राहून परीक्षकांना काय काय म्हणाल्या, ते इथं लिहिण्यासारखं नाही. सखूनं मात्र भोपाळवाल्यासाठी मनापासून टाळ्या वाजवल्या. त्याचं कळलं नव्हतं, पण माणूस चांगला वाटत होता.

बाहेर आवारात उन्हं उतरली होती. स्वप्नानं रवीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तो आला आणि आईसमोर नुसता उभा राहिला, ओठ हलवायचे कसे हेच विसरल्यासारखा. सखूनं त्याच्या गालावर चापट मारली.

तातेराव आले. टोपी हातात, कपाळावर घाम. ते सखूच्या डाव्या बाजूला गेले आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन बोलले. चाळीस वर्षांच्या संसारातलं ते सगळ्यात नाजूक बोलणं, पण अशा आवाजात की पार्किंगमधल्या ड्रायव्हरांनी काचा खाली केल्या.

"एप्रिलपास्नं माहीत हाय मला!"

"कसं?"

"नामदेवरावाच्या मरणावर तू हसशील का? हसणार नाहीस. मग राहिलं काय? ऐकू आलं नसंल!"

इंदुताईंनी मान खाली घातली. हे एवढं त्यांनाही सुचायला हवं होतं.

"मग सांगितलं काहून नाही?" सखू म्हणाली.

"तू लपवत होतीस. तुझं लपवणं म्या कशाला मोडू?"

"आन् आज मोडलं ते? हजार माणसांत?"

"लोकांना कुठं कळलं? त्यांना वाटलं म्हातारी मी मनानं रचलीय!" तातेराव दम घ्यायला थांबले. नक्कल कशी झाली हे त्यांनी तिला कधी विचारलं नव्हतं. हसण्यावरून कळायचं. पण आज तिसऱ्या रांगेतली बाई पहिल्यांदाच खरी प्रेक्षक होती, म्हणून ते कानाशी पुन्हा वाकले. "कशी झाली?"

सखूनं खरंखुरं मनात तोललं.

"चांगली झाली," ती म्हणाली. "पण भोपळा एवढा मोठा नव्हता."

"होता!"

"दारातनं नीट आत आला होता. तुमी उगी वाढवलात."

तातेरावांनी दोन्ही हात पसरून दाखवला. सखूनं त्यांचे हात धरून वीतभर आत आणले. त्यांनी परत बाहेर नेले.

"होता गं वैनी तेवढा," इंदुताई तिच्या समोर येऊन, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या. "आठ दिवस मीच खाल्लाय."

"तुमी भावाकडनंच बोलणार," सखू म्हणाली आणि नवऱ्याचे हात पुन्हा आत ढकलायला लागली.